पाण्यातल्या स्फोटाचा मुका मार : नौसैनिकांच्या दुखापतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉम्बस्फोट म्हटलं की छर्रे, रक्त, भाजलेली कातडी असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पाण्यात असलेल्या माणसाजवळ स्फोट झाला तर यातलं काहीच दिसत नाही. माणूस पोहत बोटीपर्यंत येतो, अंगावर ओरखडाही नसतो, चहा मागतो आणि काही तासांनी कोसळतो. या विषयावर मराठीत फारसं लिहिलेलं नाही, म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

जमिनीवरचा स्फोट आणि पाण्यातला स्फोट यांत एवढा फरक का?

हवा दाबली जाते, पाणी जवळपास दाबलं जात नाही. हवेत स्फोटाची बरीचशी ताकद आजूबाजूची हवा दाबण्यात आणि तापवण्यात खर्ची पडते, त्यामुळे थोडं लांब गेलं की दाब झपाट्याने उतरतो. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन आहे. त्यात दाबाची लाट सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जाते आणि लांबपर्यंत तिचा जोर टिकतो. तेवढीच स्फोटक दारू, तेवढंच अंतर. पण किनाऱ्यावर उभा असलेला माणूस फक्त दचकेल आणि पाण्यात असलेला मरेल, असं होऊ शकतं.

उलट छर्रे आणि तुकडे पाण्यात लवकर मंदावतात. म्हणून जमिनीवर जी जखम सगळ्यात आधी दिसते ती इथे बहुतेक नसतेच, आणि निव्वळ दाबाचा मार शिल्लक राहतो. फसगत इथेच होते.

हा दाब शरीरात नेमकं काय बिघडवतो?

आपलं शरीर बहुतांशी पाणीच. त्यामुळे पाण्यातून आलेली लाट कातडी, स्नायू, यकृत, मूत्रपिंड यांतून फारशी अडखळत नाही, आरपार निघून जाते. शरीरात जिथे हवा किंवा वायू साठलेला असतो तिथे मात्र ती आपटते. अशा जागा म्हणजे फुप्फुसं, आतडी, कानाचा पडद्यामागचा भाग आणि नाकाभोवतीच्या पोकळ्या. ओल्या ऊतीतून लाट हवेच्या सीमेवर आली की तिथला पातळ पापुद्रा फाटतो. वायूचा बुडबुडा क्षणात दाबला जातो आणि लगेच उसळून फुगतो, त्याने आतून वेगळाच मार बसतो. फुप्फुसात रक्त उतरतं, आतड्याच्या भिंतीत रक्त साकळतं, आणि भिंत जिथे जास्त दुखावली असेल तिथे भोक पडतं.

नदीत किंवा खाडीत जिलेटिनच्या कांड्या टाकून मासे मारणाऱ्यांचं काम याच तत्त्वावर चालतं. मासा बाहेरून साबूत दिसतो, पण आतलं बोत, म्हणजे वायूची पिशवी, फाटलेली असते. ज्या माशांना बोतच नसतं, उदाहरणार्थ मुशी, ते त्याच स्फोटातून पुष्कळदा वाचतात. माणसाला बोत नाही, पण दोन फुप्फुसं आणि वायू भरलेलं कित्येक फुटांचं आतडं आहे.

पाण्यातल्या स्फोटात पोटालाच जास्त इजा का होते?

कारण बुडालेल्या जहाजातला माणूस पाण्यात उभा तरंगत असतो. डोकं आणि छातीचा वरचा भाग पृष्ठभागाजवळ, पोट आणि पाय खाली. आता पाण्याच्या पृष्ठभागाचं काम बघा. खालून आलेली दाबाची लाट पृष्ठभागावर आपटते तेव्हा ती उलटी होऊन, म्हणजे ताण घेऊन, परत फिरते आणि मागून येणाऱ्या दाबाला खाऊन टाकते. पृष्ठभागाच्या अगदी जवळ हे इतकं लगेच होतं की दाब फार कमी वेळ टिकतो. खोल जावं तसा तो जास्त वेळ टिकतो. म्हणजे एकाच माणसाच्या खांद्याला कमी आणि ओटीपोटाला जास्त.

हवेतल्या स्फोटात डॉक्टरांची पहिली नजर फुप्फुसांवर जाते, आणि ते बरोबरच आहे. पाण्यातून काढलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर थांबलं तर आतडं नजरेतून सुटतं. पूर्ण बुडालेल्या पाणबुड्याची गोष्ट वेगळी. त्याची छातीही खोलवर असते, म्हणून फुप्फुसांनाही पुरता मार बसतो.

बंदर किंवा उथळ खाडी असेल आणि तळ खडकाळ असेल तर तळावरून परतलेली लाट दाब वाढवते.

मार बसला त्या क्षणी माणसाला काय जाणवतं?

दुसऱ्या महायुद्धात वाचलेल्यांच्या वर्णनांत एक ठरावीक क्रम सापडतो. पोटात जोरात लाथ बसल्यासारखी कळ. पाय काही वेळ बधिर किंवा लुळे. आणि अचानक, आवरता न येणारी शौचाची भावना. पुरुषांच्या वृषणांत तीव्र वेदना. काहींना रक्ताची उलटी किंवा शौचातून रक्त, काहींना खोकल्यातून रक्त.

यातलं शौचाचं लक्षण सांगायला माणूस लाजतो आणि ऐकणारा हसण्यावारी नेतो. प्रत्यक्षात ते आतड्याला मार बसल्याची खूण असू शकतं. मग काही तास बरे जातात, पोटदुखी कमी होते, आणि पुन्हा वाढते तेव्हा पोट फळीसारखं कडक झालेलं असतं.

असं खरोखर घडलंय का, की हे प्रयोगशाळेतलं आहे?

खूप वेळा घडलंय, आणि बहुतेक वेळा शत्रूच्या नव्हे, स्वतःच्याच दारूगोळ्याने.

अमेरिकी नौदलात जेकब जोन्स नावाच्या दोन विनाशिका होऊन गेल्या. पहिली ६ डिसेंबर १९१७ रोजी जर्मन पाणबुडी यू-५३ च्या टॉर्पेडोने बुडाली. शेपटाकडचा भाग खाली गेला तसे तिच्यावरचे तयार डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे, पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) फुटले आणि पाण्यातल्या माणसांना त्याचा मार बसला. (पाणबुडीचा कप्तान हान्स रोझे याने बुडत्यांचं ठिकाण बिनतारी संदेशाने अमेरिकी तळाला कळवलं. युद्धात असंही घडतं.) दुसरी जेकब जोन्स २८ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ यू-५७८ ने बुडवली. पुन्हा तोच प्रकार झाला, तराफ्यांवर पोहोचलेली माणसं डेप्थ चार्जच्या स्फोटात गेली आणि सगळ्या जहाजातून फक्त ११ जण वाचले. त्याच नावाच्या जहाजावर, जवळपास २५ वर्षांनी, तीच चूक.

मग पॅसिफिक महासागरातली मिडवेची लढाई. ६ जून १९४२ रोजी हॅमन ही विनाशिका यॉर्कटाउन या जखमी विमानवाहू जहाजाला खेटून उभी होती, पंपांना वीज पुरवत होती. जपानी पाणबुडी आय-१६८ चा टॉर्पेडो लागला आणि चारेक मिनिटांत ती बुडाली. त्यानंतर पाण्याखाली प्रचंड स्फोट झाला. हॅमनवरची सुमारे ८० माणसं गेली, त्यातली बरीच पाण्यात उतरलेली, पोहत असलेली.

वर्षभराने, ५ जुलै १९४३ रोजी मध्यरात्रीनंतर सॉलोमन बेटांतल्या कुला आखातात स्ट्राँग ही विनाशिका बुडाली. तिचेही डेप्थ चार्ज खाली गेल्यावर फुटले. ह्यू बार मिलर हा तरुण अधिकारी त्या स्फोटाने पोटात जबर दुखावला, जपान्यांच्या ताब्यातल्या बेटावर वाहून गेला. आपण वाचत नाही असं धरून त्याने बरोबरच्या जवानांना पुढे पाठवलं आणि स्वतः मागे राहिला. तो जवळपास ४० दिवस तिथे जगला, लढलाही, आणि सुटका झाल्यावर त्याला नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. तो वाचला याचं आश्चर्य डॉक्टरला जास्त वाटेल.

आपल्याच जहाजाचे डेप्थ चार्ज आपल्यालाच कसे मारतात?

डेप्थ चार्ज म्हणजे दारूने भरलेलं पिंप. त्यात पाण्याच्या दाबावर चालणारी कळ असते. पिंप ठरवलेल्या खोलीवर पोहोचलं की तिथल्या पाण्याच्या दाबानेच कळ दबते आणि स्फोट होतो. शत्रूची पाणबुडी कधी सापडेल याचा नेम नसल्यामुळे गस्तीवरच्या जहाजावर ही पिंपं खोली लावून तयार ठेवलेली असत. जहाज बुडालं की ती त्याच्याबरोबर खाली जात आणि कळीला ते जहाज आहे की पाणबुडी हे कळत नसे.

म्हणून जहाज सोडण्याआधी सगळे चार्ज ‘सेफ’ करणं, म्हणजे फुटणार नाहीत असे करून ठेवणं, हे ठरलेलं काम होतं. पण चार मिनिटांत, अंधारात, तिरक्या डेकवर, निम्मी पिंपं पाण्याखाली असताना ते करायचं कोणी? काही खलाशी ते करत राहिले आणि जहाजाबरोबरच गेले.

किती अंतर सुरक्षित मानतात?

अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमध्ये एक ढोबळ सूत्र आहे. टीएनटी या स्फोटकाचं पौंडातलं वजन घ्या, त्याचं घनमूळ काढा, १३,००० ने गुणा आणि फुटांतल्या अंतराने भागा. येतो तो दाब, पौंड प्रति चौरस इंचात. त्याच मॅन्युअलप्रमाणे ५०० च्या आसपास फुप्फुसं आणि आतडी गंभीर दुखावतात, २००० च्या वर मृत्यू निश्चित, आणि पाणबुड्याला पाण्यात राहावंच लागलं तर ५० च्या खाली ठेवावं.

दुसऱ्या महायुद्धातला ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोचा डेप्थ चार्ज धरून गणित केलं तर २००० चा आकडा सुमारे १३ मीटरवर येतो, ५०० चा सुमारे ५३ मीटरवर आणि ५० चा जवळपास ५३० मीटरवर. अर्धा किलोमीटर, एका पिंपासाठी! घनमुळामुळे आणखी एक गोष्ट होते. दारू आठपट केली तर धोक्याचं अंतर दुप्पटच होतं. उलटं वाचायचं तर दारू आठव्या हिश्श्यावर आणली तरी धोक्याचं अंतर फक्त निम्मं होतं. छोटा चार्ज म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

हे सूत्र फक्त सर्वोच्च दाब सांगतं. तो किती वेळ टिकला, पृष्ठभाग आणि तळ यांनी काय केलं, माणूस किती खोल होता, हे त्यात नाही. ड्यूक विद्यापीठातल्या रेचल लान्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये माणसांवरच्या जुन्या दुर्घटनांच्या नोंदी गोळा करून इजेचा धोका नव्याने मांडला, तो यासाठीच. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून काढलेल्या मर्यादा माणसाला जशाच्या तशा लावणं धोक्याचं आहे.

पाण्यात अडकलो आणि स्फोट होणार हे माहीत असेल तर काय करायचं?

बाहेर पडा. तराफा, बोट, तरंगती फळी, काहीही. छाती आणि पोट पाण्याच्या वर आलं तर अर्धी लढाई जिंकलात.

ते जमत नसेल तर पाठीवर तरंगा. डोकं पाण्याबाहेर, पाय स्फोटाच्या दिशेला, डोकं विरुद्ध दिशेला. पृष्ठभागाजवळ दाब कमी वेळ टिकतो हे वर सांगितलं, त्याचा हा थेट उपयोग. श्वास रोखून खाली बुडी मारणं हे सगळ्यात वाईट. बंदुकीच्या गोळ्या चुकवायला ते ठीक, स्फोट चुकवायला नाही.

पाणी गुदद्वारातून आत घुसून आतडं फाटतं, हे खरं का?

नाही. युद्धकाळात खलाशांमध्ये ही समजूत होती, पण इजा पोटाच्या भिंतीतून आरपार जाणाऱ्या दाबाने होते.

लाइफ जॅकेटने काही फरक पडतो?

थोडा पडू शकतो. त्या काळची जॅकेटं कापोकने, म्हणजे पांढऱ्या सावरीच्या कापसाने, भरलेली असत. त्यात अडकलेली हवा लाटेचा काही भाग परतवते आणि जॅकेट माणसाला वर उचलून धरतं. पण ते छाती झाकतं. ओटीपोट उघडंच राहतं, त्यामुळे चिलखत समजू नका.

शत्रूचे पाणबुडे मारायला हाच मार्ग वापरतात का?

हो, आणि फार साध्या रीतीने. जिब्राल्टरच्या बंदरात इटालियन पाणबुडे ब्रिटिश जहाजांना सुरुंग लावायला येत, म्हणून गस्तीच्या बोटी ठरावीक वेळाने छोटे चार्ज पाण्यात टाकत राहायच्या. पाणबुडा दिसायची गरजच नाही. ८ डिसेंबर १९४२ रोजी लिचो विझिंतीनी आणि त्याचा जोडीदार जोव्हानी माग्रो असेच मेले. त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या ब्रिटिश तुकडीनेच त्यांना सन्मानाने समुद्रात निरोप दिला.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीचे नौ-कमांडो चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंजच्या जहाजांपर्यंत पोहत गेले. त्यांना भागीरथीकाठी प्लासीजवळ भारतीय नौदलाने तयार केलं होतं. त्या मोहिमेच्या आखणीत पुढे महावीर चक्र मिळालेले एम. एन. आर. सामंत हे अधिकारी होते. लिंपेट सुरुंग गमछ्याने अंगाला बांधायचा, जहाजाच्या बुडाला चिकटवायचा आणि निघायचं. सुरुंगात भिजल्यावर विरघळणारी गोळी असे. ती विरघळेपर्यंतचा वेळ हाच पोहणाऱ्याचा जीव. ती वाटेत भिजू नये म्हणून तिच्यावर निरोध चढवत. आपलाच सुरुंग फुटायच्या आत पाण्याबाहेर पोहोचायचं, हे सगळ्या प्रशिक्षणाचं सार होतं.

जहाजावरच राहिलेल्यांना हा धोका नसतो का?

वेगळा असतो. जहाजाखाली पाणसुरुंग फुटला की डेक एकाएकी वर उसळतो आणि उभ्या माणसाच्या टाचेवर हातोड्यासारखा आदळतो. टाचेचं हाड, घोटा, गुडघा, कणा, या क्रमाने मोडतोड. स्फोटाची शंका असलेल्या पाण्यात गुडघे किंचित वाकवून उभं राहा असं शिकवतात, ते यासाठी. त्यानंतर वायूचा मोठा बुडबुडा फुगतो, आकसतो आणि जहाजाचा कणाच मोडू शकतो. दक्षिण कोरियाचं चोनान २६ मार्च २०१० रोजी असं दुभंगलं आणि ४६ नौसैनिक गेले.

एक जुना वादही सांगायला हवा. अमेरिकी यादवी युद्धातली हनली ही हाताने चालवायची पाणबुडी १७ फेब्रुवारी १८६४ रोजी चार्ल्स्टनबाहेर हौसाटॉनिक हे जहाज उडवून स्वतःही बुडाली. २००० साली ती वर काढली तेव्हा आठही जण आपापल्या जागेवर होते, पळण्याची धडपड दिसत नव्हती. वर उल्लेख केलेल्या लान्स यांनी २०१७ मध्ये मांडलं की काही मीटरवर फुटलेल्या त्यांच्याच चार्जचा दाब पत्र्यातून आत येऊन त्यांना जागीच मारून गेला. अमेरिकी नौदलाच्या इतिहास विभागाला हे पटलेलं नाही. मला ते निदान अशक्य वाटत नाही, पण दीडशे वर्षांच्या हाडांवर मऊ ऊतीची इजा कोण सिद्ध करणार?

कानाचा पडदा शाबूत असेल तर काळजी नाही, बरोबर?

चूक. डोकं पाण्याबाहेर असेल तर कानापर्यंत दाब पोहोचलेलाच नसतो. पडदा फाटला तर इतरत्र इजेचा संशय वाढतो, पण शाबूत असल्याचा दिलासा घेऊ नये.

उपचार काय करतात?

आधी ऑक्सिजन, तोंडाने काहीही द्यायचं नाही (चहासुद्धा नाही), आणि निजवून ठेवायचं. पाण्यातून काढलेला प्रत्येक जण, ‘मी ठणठणीत आहे’ म्हणणाराही, निरीक्षणाखाली हवा. पोट एकदा तपासून भागत नाही, त्याच डॉक्टरने ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा तपासावं. सीटी स्कॅन असेल तर उत्तम, पण मार बसलेली भिंत एक-दोन दिवसांनीही फुटू शकते. पहिला स्कॅन स्वच्छ आला म्हणून घरी पाठवू नये. भोक पडलं असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

फुप्फुसाला मार असेल तर खरी कसरत सुरू होते. व्हेंटिलेटरने जोरात हवा भरली तर ती फाटलेल्या जागेतून रक्तात शिरून मेंदूत किंवा हृदयात अडकू शकते. सलाईन भरमसाट दिलं तर फुप्फुसात पाणी साठतं. रक्तात हवा गेल्याची शंका असेल तर रिकम्प्रेशन चेंबर (हवेचा दाब वाढवता येणारी बंद खोली) लागतो, पण छातीत साठलेली हवा आधी नळी घालून काढावी लागते. हेलिकॉप्टरने न्यायचं झालं तर शक्य तितकं खालून उडवतात, कारण उंचीवर अडकलेला वायू फुगतो.

भारतात याची सोय कुठे आहे?

नौदलाच्या वैद्यकशास्त्राचं मुख्य ठिकाण मुंबईत कुलाब्याला आहे. अश्विनी हे नौदल रुग्णालय आणि त्याच्याजवळची नौदल वैद्यकीय संस्था. पाणबुड्यांच्या आजारांचं प्रशिक्षण आणि चेंबरमधले उपचार तिथे होतात. एकदा असा मार बसलेल्या पाणबुड्याने परत पाण्यात कधी उतरायचं, हे त्या विषयाच्या डॉक्टरनेच ठरवायचं असतं. फुप्फुसात राहिलेला व्रण खोल पाण्यातून वर येताना जीव घेऊ शकतो.

मी नौदलात नाही. मला याचा काय उपयोग?

नदीकाठी, खाडीकाठी राहत असाल तर बराच. स्फोटकांनी मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, तरी चोरून चालतं. हात उडालेला माणूस सगळ्यांना दिसतो. पण स्फोट झाला तेव्हा थोड्या अंतरावर पोहणारा, किंवा मासे गोळा करायला आधीच पाण्यात उतरलेला पोरगा संध्याकाळी पोटदुखीने विव्हळतो तेव्हा त्याला जेलुसिल दिलं जातं. पोलिसांच्या भीतीने घरचे स्फोटाचं नावही काढत नाहीत.

दवाखान्यात तीन गोष्टी सांगा : स्फोट पाण्यात झाला, हा त्या वेळी पाण्यात होता, आणि पाणी त्याच्या कुठवर होतं, कमरेपर्यंत, छातीपर्यंत की तो पूर्ण बुडालेला होता. डॉक्टरला पोट उघडायचं की वाट बघायची हे ठरवायला या तीन वाक्यांची फार मदत होते.